धारेची बाजू

७ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद वगैरे गृहीत धर, आज ते लिहायची इच्छा नाही. फोन केला असता, पण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, आणि माझी बोलायची पाळी आली की नेमकी तुझी मीटिंग सुरू होते. कागदाला मीटिंग नसते, म्हणून लिहिते आहे.

रविवारी तू आलास, चहा अर्धा टाकलास आणि पेन्सिलीच्या फुल्या मारलेल्या सात पानांवर माझ्या सह्या घेऊन गेलास. मी धार काढून नुकती उठले होते, हातही धड पुसले नव्हते. काल तू विसरलेली, गोठा वाढवायच्या कर्जासाठी केलेल्या त्या अहवालाची प्रत कपाटावर सापडली. वाचली. मग परत पहिल्यापासून वाचली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. गोठा वाढवायला माझा विरोध नाही, मुळात ही कल्पनाच माझी. संकलन केंद्राच्या माणसाने सांगितलं की पुढच्या वर्षापासून टँकर फक्त चारशे लिटर देणाऱ्याच्या दारात थांबणार, तेव्हा तुला कळवलं कोणी? मीच. बावीस गाईंवर आपण दोनशे तीस लिटरच्या वर जात नाही. वाढलो नाही तर बंद पडू, हे मला तुझ्याआधी कळलेलं आहे.

पण अहवालाच्या अकराव्या पानावर 'मनुष्यबळ' नावाचा तक्ता आहे. मालक आणि व्यवस्थापक तू, जो इथून सहा तासांवर राहतो. धार काढणारे दोन, पगारी. वैरण-शेणाला दोन, पगारी. जनावरांचा डॉक्टर महिन्यातून दोनदा. मी त्यात स्वतःला शोधलं. वाटलं, पुढच्या पानावर असेन. असं करत करत शेवटच्या पानापर्यंत गेले. फाटकाला लावायच्या साखळीची किंमतसुद्धा आहे त्यात, मी नाही.

एकतीस वर्षं झाली मला गोठ्यात. नऊ वर्षांची होते तेव्हापासून. आप्पा गेले त्या दिवशीही दोन्ही वेळच्या धारा मी काढल्या, कारण गाईंना सुतक कळत नाही. तर तुझ्या त्या योजनेत मी कोण आहे, ते एका ओळीत कळव.

ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. शिपायाने ते सगळ्यांसमोर माझ्या टेबलावर ठेवलं, मी तिथेच फोडलं आणि चारचौघांत माझे कान लाल झाले. पुढचं पत्र घरी पाठव.

एका ओळीत उत्तर हवं असेल तर हे घे: तू माझी बहीण आहेस, आणि तो तक्ता मजुरांचा आहे.

आता जरा शांतपणे वाच. बँकेला पगाराची स्लिप लागते. ती माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही. तिथल्या साहेबाने स्वच्छ सांगितलं की बहिणीच्या उत्पन्नाचा एकही कागद नाही, त्यांचं नाव घातलं तर फाईल पुढे सरकणार नाही. म्हणून नाही घातलं. त्यात तुझा अपमान कुठे आला? दुसरं म्हणजे तुझे गुडघे. हल्ली तू स्टुलावरून उठताना गाईचा आधार घेतेस, मी फाटकातून पाहिलंय. हे सगळं मी कशासाठी करतोय? तू त्या स्टुलावरून उठून एकदाची खुर्चीवर बसावीस म्हणून. आणि तू मला जाब विचारतेस.

आणखी एक सांगतो, ते तुझ्यापाशीच ठेव. कर्जाला तारण म्हणून मी माझं राहतं घर दिलंय. तुझ्या भावजयीला अजून सांगितलेलं नाही. वेळ बघून सांगेन.

सोबत नव्या गोठ्याचा नकाशा आहे. मी इमारतींचे नकाशे काढतो, गोठ्याचा पहिल्यांदाच काढला, पण अकरा रविवार घालवलेत त्यावर. जुना गोठा पाडून त्याच जागी तीस-तीस गाईंच्या दोन रांगा. प्रत्येक गाईच्या एका अंगाला कमरेएवढी सिमेंटची भिंत, दुसऱ्या अंगाला धार काढणाऱ्याने बसायचं. गाय हलणार नाही, शेजारणीला लाथ मारणार नाही. पुस्तकं बघून मापं घेतली आहेत. काही चुकलं असेल तर लिही, नाहीतर सही करून दहा-बारा दिवसांत परत पाठव. ठेकेदार खोळंबलाय.

तुझा भाऊ

२६ फेब्रुवारी

बारक्या,

नकाशा परत पाठवते आहे, सही केली आहे. भावजयीला मी काही बोलणार नाही, तुमच्या घरात काड्या घालायची मला हौस नाही. खुर्चीबद्दल आभार. ठेकेदाराला सोमवारपासून यायला सांग.

ताई

१८ जून

ताई,

नमस्कार लिहायला हात वळत नाही, तरी लिहितो.

नवा गोठा सुरू होऊन अठरा दिवस झाले. कर्जाच्या पहिल्या हप्त्यातून आणलेल्या आठ गाई अकरा-बारा लिटर देतात, एकीचीही तक्रार नाही. आणि आपल्या जुन्या बावीस, ज्या दहाच्या वर द्यायच्या, त्या पाचावर आल्या आहेत. धार काढणारे दोघं पळाले. तिसऱ्याने परवा फोन करून सांगितलं की साहेब, या गाई अंगाला हात लावू देत नाहीत, मी बसलो की थरथरतात.

बारा तारखेला बँकेचा साहेब न कळवता येऊन गेला. म्हणे तू गोठ्याच्या पायरीवर हाताची घडी घालून बसली होतीस. त्याने विचारलं तुम्ही कोण, तर तू म्हणालीस, तक्त्यात नाही ती. तो मला हे हसत हसत सांगत होता. मला हसू आलं नाही. माझं घर तिकडे अडकलंय आणि तू पायरीवर बसून गंमत बघते आहेस.

जुलैअखेर रोजचं दूध तीनशेवर गेलं नाही तर दुसरा हप्ता मिळणार नाही. दुसरा हप्ता नाही म्हणजे पुढच्या तीस गाई नाहीत, दूध थंड करायची टाकी नाही, टँकर नाही. आज आपण दोनशेवर आहोत. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले गाई निरोगी आहेत. बँकेच्या साहेबाला विचारलं. दोन गोठेवाल्यांना विचारलं. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं की जुनी जनावरं एका हाताला सोकावली आहेत, ती आता सुधारायची नाहीत, काढून टाका आणि नवी घ्या.

तेव्हा मी ठरवलंय. तीस जूनला व्यापारी येईल. सगळ्या बावीस तो एकदम नेतो म्हणालाय, भावही ठरलाय. तुला वाईट वाटणार हे मला कळतं. पण वाईट वाटून हप्ते फिटत नाहीत.

तुझा भाऊ

२२ जून

बारक्या,

बावीस नाहीत. एकवीस आहेत. ठमी गेली.

तुला फोन करणारा तो तिसरा सोळा तारखेला तिच्याजवळ बसला. तिने अंग चोरलं, पण चोरून जाणार कुठे, बाजूला तुझी भिंत. ती उसळली आणि तिचा मागचा पाय भिंत आणि गटाराच्या मधे अडकला. खुब्यापासून मोडला. डॉक्टरने पाहिलं आणि मान हलवली. इंजेक्शन देताना तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यानंतर त्या माणसाला मी हाकलून दिलं. त्याची बिचाऱ्याची चूक नव्हती, पण मला कोणाला तरी हाकलायचं होतं.

सतरा तारखेपासून एकवीसच्या एकवीस मी अंगणात खांबाला बांधून पिळते आहे, नव्या आठ आत वैरणीची माणसं पिळतात. पहाटे चार ते आठ आणि दुपारी तीन ते सात. काल त्यांनी एकशे नव्वद लिटर दिलं. हे तुझ्या डॉक्टरला, साहेबाला आणि दोन्ही गोठेवाल्यांना सांग.

आता ऐक तुझ्या गाई का बिघडल्या ते. मी डावखुरी आहे. हे तरी आठवतं का? नऊ वर्षांची असताना आप्पांनी मला गाईजवळ बसवलं, तेव्हा माझे हात उलटे पडायचे आणि धार बादलीबाहेर जायची. आप्पांनी मला मारलं नाही. गाईच्या दुसऱ्या अंगाला नेऊन बसवलं, आणि तिकडून मला जमलं. मग गाई गोंधळायला लागल्या, सकाळी आप्पा एका बाजूने, संध्याकाळी मी दुसऱ्या. तर आप्पांनी स्वतःची बाजू बदलली. पंचेचाळीशीचा माणूस, जन्मभर एका अंगाला बसलेला, माझ्यासाठी दुसऱ्या अंगाला बसायला शिकला. दोन महिने त्यांची मनगटं सुजलेली होती. तेव्हापासून या घरात जन्मलेली प्रत्येक कालवड त्याच अंगाने पिळलेली आहे. तिच्या आईलाही तेच ठाऊक आणि तिलाही तेच. सगळं जग ज्या बाजूने बसतं त्या बाजूने कोणी आलं तर त्यांना वाटतं, हा आपल्याला मारायला आला.

तुझी भिंत बरोबर माझ्या बाजूला आहे. स्टूल सोड, माझा गुडघासुद्धा तिथे मावत नाही.

अठरा वर्षं तू या घरात राहिलास. दोन्ही वेळा त्या गोठ्यातलं दूध प्यायलास आणि त्यावर शिकलास. नकाशासाठी पुस्तकं चाळलीस, अकरा रविवार घालवलेस. पण तुझी बहीण गाईच्या कोणत्या अंगाला बसते हे तुला माहीत नाही. तक्त्यात नाव नव्हतं त्याचा मला राग आला होता, तो आता काहीच नाही असं वाटतं.

व्यापाऱ्याला यायचं तर येऊ दे. फाटकाला कुलूप असेल आणि आत मी असेन.

ताई

२७ जून

ताई,

ठमीचं वाचलं. मला माहीत नव्हतं. दोन्ही माहीत नव्हतं, ठमीचंही आणि बाजूचंही. एवढी एक ओळ लिहायला मला दोन दिवस लागले.

पण आता माझंही ऐकून घे. तू विचारतेस मला माहीत कसं नाही. मी सात वर्षांचा असताना स्वयंपाकघरातला पाट उचलून गोठ्यात आलो होतो, तुमच्यासारखं बसायला. आप्पांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि म्हणाले, तू अभ्यासाचं बघ, इथे तुझं काम नाही. पुढच्या आठवड्यात परत आलो, परत तेच. मग मी यायचं सोडलं. तुम्ही दोघं आत कशावर तरी हसत असायचात आणि मी ओट्यावर गणितं सोडवत असायचो. तिथून गाईंची फक्त तोंडं दिसायची. तू कुठे बसतेस हे मला माहीत नाही, कारण मला तिथे कधी उभंच राहू दिलं नाहीत. हे मी आजवर कोणाला बोललो नाही. तू अठरा वर्षं मोजलीस म्हणून आज बोलतोय.

आणखी एक. नकाशाच्या तिसऱ्या पानावर मी एक जागा मोठी करून काढली होती. गाय, भिंत, बादली आणि स्टुलावर बसलेला अंगठ्याएवढा माणूस. तो कुठल्या अंगाला बसलाय ते लांबूनही दिसतं. मी लिहिलं होतं, काही चुकलं असेल तर कळव. नकाशा नऊ दिवस तुझ्याजवळ होता आणि सही होऊन परत आला. गेले चार दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

तो माणूस तू पाहिला होतास का? हो की नाही, तेवढंच लिही. मला कारणं नकोत.

घराचं तारण इकडे उघड झालंय. बँकेचं पत्र तुझ्या भावजयीच्या हातात पडलं. गुरुवारपासून ती मला वाढते आणि उठून जाते.

तुझा भाऊ

१ जुलै

बारक्या,

हो.

पाकीट फोडलं आणि पहिल्याच मिनिटाला पाहिला. पेन्सिल घेतली, कडेला लिहिलं, 'भिंत दुसऱ्या अंगाला हवी'. मग तुझं पत्र परत वाचलं, त्यातली ती खुर्ची वाचली, आणि लिहिलेलं खोडरबराने पुसून टाकलं. नकाशा उजेडात धरलास तर खुणा अजून दिसतील.

तुला कारणं नकोत, पण मी सांगणार. मला तुझी फजिती बघायची होती. सगळं बांधून होईल, गाई बिथरतील आणि तू सहा तास गाडी हाकत येऊन माझ्यासमोर उभा राहशील. म्हणशील, ताई, काय चुकलं? एवढं एक वाक्य मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठी मी पायरीवर बसून राहिले. तू डॉक्टरला विचारलंस, साहेबाला विचारलंस, गोठेवाल्यांना विचारलंस. ज्या बाईने त्या गाई वाढवल्या तिला सोडून सगळ्यांना विचारलंस. मी म्हटलं, आणखी एक दिवस बघू. त्या आणखी एका दिवशी ठमी गेली.

तिचा पाय मी मोडला. तुझ्यावरचा राग होता आणि भोगला तिने. मी तिला तिच्या आईच्या पोटातून ओढून काढलं होतं, पायाला दोरी बांधून, आप्पा दिवा धरून उभे होते. डॉक्टरने सुई भरली तेव्हाही ती माझा हात चाटत होती. तिला काय माहीत मी काय केलंय. तू मला माफ करावंस असं मी म्हणत नाही. मी स्वतःला केलेलं नाही.

आप्पांनी तुला गोठ्यातून बाहेर काढलं ते मला आठवतं. तू ओट्यावर बसून रडत होतास आणि मला तुझा हेवा वाटत होता. कारण त्याच वर्षी त्यांनी मला शाळेतून काढलं होतं. दंडाला धरून नाही, डोक्यावरून हात फिरवून. आपण दोघांचंही भलं करतोय असं त्यांना वाटत होतं. आता ते भांडायला हाताशी नाहीत, म्हणून आपण एकमेकांशी भांडतोय.

काल मी घण घेऊन पहिली भिंत फोडली. सकाळच्या धारा आटपून सुरुवात केली आणि दुपारच्या धारांपर्यंत ती आडवी होती. हाताला फोड आले, पण गेल्या कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. गवंड्याशी बोलले आहे. एका रांगेतल्या भिंती पाडून दुसऱ्या अंगाला घ्यायच्या, त्या रांगेत आपल्या गाई. दुसरी रांग आहे तशी राहील, त्यात नव्या. तिकडे तुझी पगारी माणसं बसतील, इकडे मी बसेन. माझ्या बाजूने बसायला कोणी शिकायला तयार असेल तर शिकवेन. तीस तारखेला व्यापारी आला नाही. तू थांबवलास की तो आळशी आहे, मला ठाऊक नाही.

आता माझी मागणी. नफ्यात वाटा दे म्हणत नाही. मला कर्जात वाटा हवा आहे. कागदावर तुझ्या बरोबरीने माझं नाव घाल आणि जमिनीतला माझा हिस्सा तारणाला लाव. तुझं घर एकट्याने कशाला अडकेल? साहेब फाईल सरकत नाही म्हणाला तर त्याला सांग, ती येऊन ढकलणार आहे. हे होणार नसेल तर तसं लिही. मग गोठा तुझा, गाई तुझ्या, आणि मी दुसरीकडे कुठेतरी कामाला लागेन. धार काढणाऱ्याला कुठेही काम मिळतं.

ताई

९ जुलै

ताई,

व्यापारी मी थांबवला होता.

तुझा 'हो' वाचून मी पत्र भिरकावलं. तुझ्या भावजयीने ते उचललं, बसून पूर्ण वाचलं, आणि आठवड्याभरानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "तुम्ही दोघं भावंडं एकाच मुशीतली. एकाने विचारायचं नाही, दुसऱ्याने सांगायचं नाही, आणि घर मात्र माझं गहाण."

माझा राग गेलेला नाही. मुक्या जनावराच्या आडून तू माझ्यावर सूड काढलास हे मी विसरणार नाही, आणि मी तुला एकदाही विचारलं नाही हेही विसरणार नाही. दोन्ही राहू देत.

साहेबाने आधी नाही म्हटलं. मी म्हटलं, मग माझंही नाव काढा. तेव्हा त्याने नवे कागद दिले. कागदावर अनुभवाचा रकाना आहे, तो मी भरलेला नाही. तू येऊन भर. बावीस तारीख, अकरा वाजता, बँकेत.

तुझा भाऊ

१४ सप्टेंबर

बारक्या,

रांग पुरी झाली. गवंड्याने शेवटची भिंत जरा वाकडी बांधली आहे, तुला दिसेल आणि तू बोलशील, म्हणून आधीच सांगते. जुलैअखेर आपण तीनशे सहावर होतो, ते तुला ठाऊक आहे. काल दुसऱ्या हप्त्यातल्या तीसपैकी पहिल्या बारा गाई उतरल्या. त्यातल्या तीन पहिल्या वेताच्या, अजून कोणत्याच बाजूची सवय नसलेल्या, मी माझ्या रांगेत घेतल्या आहेत. नवी बाई शिकायला येते, दोन दिवस तिने धार बादलीबाहेर घातली, आज निम्मी आत पडली.

बँकेतल्या त्या दिवसाबद्दल आपण बोललो नाही. बाहेर पडल्यावर तू गाडी काढलीस आणि मी बस धरली. साहेब मला तेच तेच तीनदा सांगत होता, बहिऱ्याला सांगावं तसं हळूहळू, की हप्ता चुकला तर आम्ही तुमच्याकडेही येणार, बाई, तुम्हाला हे समजतंय ना. तू मधे बोलायला तोंड उघडलंस आणि मिटलंस, ते मी पाहिलं. मी त्याला काय म्हणाले ते तू ऐकलंस, तरी लिहिते, कारण त्या वेळी माझा आवाज नीट फुटला नव्हता. मी म्हणाले, "साहेब, एकतीस वर्षं जो येतो तो दारात मला विचारतो, मालक कुठे आहेत. कोणीतरी माझ्याकडे या."

आज पोस्टमन बँकेचं पाकीट घेऊन आला. मी फाटकात उभी होते, तरी त्याने नेहमीसारखं विचारलं, गोठ्याचे मालक आलेत का, सही लागेल. मी म्हटलं, पाकिटावरचं नाव वाच. त्याने वाचलं. मग वही माझ्यापुढे धरली आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.

आत हप्त्याचा कागद आहे. पाच तारखेला भरायचा आहे. माझा अर्धा मी काढून ठेवला आहे, तुझा अर्धा तीन तारखेपर्यंत इथे पोचू दे. नाही पोचला तर ते माझ्या दारात येतील, आणि मी त्यांना सरळ तुझ्याकडे पाठवेन.

ताई